सव्वापाच

बायकांच्या बराकीत तिला सगळ्या सिस्टर म्हणत. कैदी म्हणत, पहाऱ्यावरच्या शिपाई बायका म्हणत, आणि एकदा घसा धरला म्हणून जेलर मॅडम स्वतः आल्या, त्यासुद्धा “सिस्टर, जरा बघता का?” असं बोलून गेल्या. आपण कैद्याला अहो-जाहो केलं हे त्यांच्या लक्षात आलं ते अंगणात पोचल्यावर. मग तिथे केर काढणाऱ्या दोघींवर त्यांनी विनाकारण ओरडून घेतलं आणि आपल्या जेलरपणाची घडी पुन्हा नीट बसवली.

सिस्टरचा आवाजच तसा होता. “जीभ काढा” म्हटलं की माणूस आधी जीभ काढायचा आणि आपल्याला झालंय काय याचा विचार मागाहून करायचा. चोवीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात मुरलेला आवाज तो. नवऱ्यांना बाहेर काढायला, सासवांना गप्प करायला आणि घाबरलेल्या पोरींना “अगं, जगात तू काही पहिलीच नाहीस” म्हणायला घडवलेला.

सकाळची मोजणी झाली की तिसऱ्या खिडकीखाली तिचा दवाखाना भरायचा. दवाखाना म्हणजे एक दुमडलेली सतरंजी आणि ती. जेलचा डॉक्टर फक्त गुरुवारी यायचा, आणि आजारांना वार कळत नाहीत. थर्मामीटर काचेचा म्हणून बंद, गोळ्या कुलपात. ताप बघायला सिस्टरकडे हाताचा पालथा पंजा होता, आणि नाडी मोजायला बाहेरच्या बोळातलं भिंतीवरचं घड्याळ, तेही गजांतून मान तिरकी केली तरच दिसणारं. त्याचा सेकंदकाटा आठाच्या आकड्यापाशी जरा अडखळायचा. सिस्टर तेवढं सोडून मोजायची.

उपचार ठरलेले होते. “गरम पाणी पी.” “मिठाच्या गुळण्या कर.” “चाल जरा. दिवसभर बसून राहिलीस तर गुडघे धरणार नाहीत तर काय करतील?” आणि काहींना, आवाज अगदी खाली आणून, “रडून घे. मी बसलेय इथे.” अर्ध्याअधिक जणींना झालेलं काहीच नसायचं. कुणीतरी आपला हात धरून थोडा वेळ गप्प बसावं एवढंच हवं असायचं. नाडीला अर्धं मिनिट पुरतं. सिस्टर पूर्ण मिनिट मोजायची.

रांगेत पहिली असायची ती पार्लरवाली. बाहेर तिचं ब्युटी पार्लर होतं आणि तोंड बंद ठेवायची तिला तिथेही सवय नव्हती.

“सिस्टर, माझी नाडी बघा हो. प्रेमात पडल्यासारखी धडधडतेय.”

“इथे कुणाच्या प्रेमात पडलीस?”

“जेलर मॅडमच्या. काय चालतात!”

“तुला पित्त झालंय. चहा बंद कर.”

“प्रेम सोडेन, चहा नाही सोडणार.”

अशा पंधरा-वीस जणी उरकल्या की सिस्टरचा दिवस सुरू व्हायचा आणि खरं म्हणजे तिथेच संपायचा. कारण उरलेल्या दिवसात ती तीन वर्षांची शिक्षा झालेली, नोकरीवरून काढून टाकलेली एक बाई होती.

शिक्षा कशाबद्दल, हे तिने बराकीत पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “हॉस्पिटलच्या कागदांची भानगड.” हे खोटं नव्हतं. बायकांनी उरलेलं आपापल्या मनाने भरलं. मोठ्या डॉक्टरांनी काहीतरी खाल्लं असणार, सहीला ही सापडली असणार, गरिबाच्या गळ्यात सगळं अडकवलं असणार. “मोठी माणसं अशीच असतात हो,” असं एकीने म्हटलं तेव्हा सिस्टर काही बोलली नाही. न बोलायला तेवढाच एक क्षण लागतो. पुढे ते आपोआप चालू राहतं.

खरी गोष्ट अशी होती. त्या दुपारी साडेतीनला एक बाई बाळंत झाली. बाळंतपणानंतर दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी बघून तक्त्यात लिहायचं असतं, दोन तास. पहिले दोन आकडे सिस्टरने बघून लिहिले. मग एकाच वेळी दोघींना कळा आल्या, तिसरीचं बाळ रडेना, आणि वॉर्डात धड अशा नर्सा दोनच. सव्वाचारला जरा उसंत मिळाली तेव्हा सिस्टरने तक्ता पुढे ओढला आणि एक काम डोक्यावरून उतरावं म्हणून राहिलेला तर भरलाच, पुढचाही सव्वापाचपर्यंतचा भरून टाकला. एकशेदहा-सत्तर, एकशेबारा-सत्तर, एकशेआठ-सत्तर, एकशेबारा-सत्तर, पुन्हा एकशेदहा-सत्तर. सगळे आकडे सारखे दिसू नयेत म्हणून जरा खालीवर. बाई हसत होती, बाळाकडे बघत होती, रंग चांगला होता. सगळ्याच नर्सा कधी ना कधी असं करतात. बाई आतल्या आत रक्त जाऊन पाचला दहा मिनिटं कमी असताना गेली. तक्त्यात सव्वापाचपर्यंत तिची तब्येत उत्तम होती.

सिस्टरचा नवरा वीज कंपनीत मीटर रीडर होता. घरोघर फिरून मीटरवरचे आकडे टिपायचे, हे त्याचं काम. सोबतचे लोक जिन्याखालचा अंधार बघितला की “दार बंद” असा शेरा मारून अंदाजे आकडा टाकायचे आणि पुढे जायचे. हा मात्र बॅटरी तोंडात धरून स्टुलावर चढायचा. त्याला तीन वेळा कुत्रा चावला होता, त्यातला एक कुत्रा तर दोनदा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो बायकोला म्हणायचा, “आपण दोघंही आकड्यांवर जगणारी माणसं. फरक एवढाच, तुझे खालीवर होतात, माझे फक्त वर जातात.” या विनोदावर तो स्वतः प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा.

खटला उभा राहिला त्या आठवड्यात तिच्यासाठी कपात चहा ओतता ओतता त्याने विचारलं होतं, “म्हणजे तू बघितलंच नाहीस?”

ती “नाही” म्हणाली. त्याने कप तिच्यापुढे ठेवला. तो विषय त्याने परत काढला नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाळीपलीकडे येऊन तो वीस मिनिटं गॅस, नळाचा वॉशर आणि मुलाची परीक्षा यांवर बोलायचा, आणि त्या वीस मिनिटांत त्याचं ते न विचारणं सिस्टरला बाकी सगळ्यापेक्षा मोठ्याने ऐकू यायचं.

बराकीत आणखी एक माणूस होतं, ज्याच्यापुढे सिस्टरचा तो खणखणीत आवाज मऊ पडायचा. आजी. आजी सत्तरीला टेकलेली, कृश, आणि दोन्ही समाजांत मानाची. म्हणजे शिपायांत आणि कैद्यांत. भिंतीच्या हद्दीवरून तिचं दिराशी भांडण झालं होतं. “दीर शिडीवर होता आणि शिडी माझ्या हातात होती,” एवढंच ती सांगायची, आणि पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

सिस्टर आत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, आपल्याला एक लेक होती हे आजीने तिला सांगितलं. एकुलती एक. बाळंतपणात हॉस्पिटलमध्ये गेली. “डॉक्टर म्हणाले, आजीबाई, सगळं नीट होतं, कागदावर आहे बघा. मला कुठलं वाचता येतंय? मी तो कागद मागून घेतला. वीस वर्षं पेटीत ठेवलाय. येईल-जाईल त्याच्याकडून वाचून घेतला. सगळे म्हणतात, आजी, खरंच सगळं नीट होतं. मग ती गेली कशाने गं?”

सिस्टरने आजीचे पाय मांडीवर घेतले आणि चेपायला लागली. त्यानंतर दीड वर्ष रोज संध्याकाळी तिने ते पाय चेपले. आजी सगळ्यांना सांगायची, “आधी लेक गेली, मग देवाने इथे आणून दुसरी दिली.” सिस्टर मान खाली घालून घोट्याभोवती अंगठा फिरवत राहायची.

नर्सिंग कॉलेजच्या मुली जेलमध्ये यायच्या त्या दर तीन महिन्यांनी. त्यांच्या ट्यूटर मॅडमचा तो हट्ट होता. “आजार पुस्तकात आहेत. तुम्हाला मी माणसं बघायला आणलंय,” असं त्या फाटकाशीच बजावून सांगत. मुली आत येताना एकमेकींना चिकटून येत. एकीने कानातलं काढून मोज्यात लपवलेलं असे. आत आल्यावर समोर दिसत त्या चाळिशी-पन्नाशीच्या मावश्या. त्या विचारत, “किती वाजता निघालात गं? काही खाल्लंत का?” आणि पार्लरवाली त्यांच्या भुवया बघून हळहळत असे. “ही भुवई कुणी कोरली गं तुझी? केस कर त्या बाईवर. इकडे पाठव तिला, आमच्यात जागा आहे.”

एका खेपेला मुलींना सगळ्या बायकांचं बीपी बघायचं होतं. हॉलमध्ये दोन टेबलं मांडली. जेलर मॅडमनी एका टेबलाशी वही घेऊन सिस्टरला बसवलं. “तुम्हाला सवय आहे. मुलगी आकडा सांगेल, तुम्ही लिहा.” सिस्टरने पेन हातात घेतलं. तिला ते जड वाटलं असेल, पण तिने घेतलं.

तिच्या टेबलाशी आलेली मुलगी लांब वेणीची, घामेजलेली, आणि इतकी नम्र की खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला सॉरी म्हणेल. “तुम्ही खरंच सिस्टर होता?” तिने हळूच विचारलं.

“होते.”

“मग मला सांभाळून घ्या हं. माझं पहिलंच वर्ष आहे. बाबा रिक्षा चालवतात. मी नापास झाले तर...” तिने वाक्य तिथेच सोडलं आणि पट्टा गुंडाळायला घेतला.

पहिली बाई. पट्टा, फुगा, फुस्स. “एकशेवीस-ऐंशी.” सिस्टरने लिहिलं. दुसरी. “एकशेवीस-ऐंशी.” तिसरी. “एकशेअठरा-ऐंशी.” चौथीला सिस्टरने पेन न उचलता नुसती मान वर केली आणि बघत राहिली. मुलगी फुगा दाबत होती, काटा वर जात होता, आणि मग ती हवा अशी भसकन सोडून देत होती की त्या वेगात कुणाच्याही कानाला काही सापडणं शक्य नव्हतं. तिचे डोळे काट्यावर नव्हतेच. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर होते. ही बरी दिसते आहे का? बरी दिसते. “एकशेबावीस-ऐंशी.”

आकडा सारखा दिसू नये म्हणून जरा वर.

सिस्टरला आपलं पहिलं वर्ष आठवलं. एका ओळीतल्या आठ खाटांचे ताप तिने थर्मामीटर न लावता लिहिले होते आणि मोठ्या सिस्टरनी ते पाहिलं होतं. त्या ओरडल्या नव्हत्या. पाठीवर थाप मारून हसत म्हणाल्या होत्या, “आता झालीस तू खरी नर्स.” किती बरं वाटलं होतं तेव्हा! किती प्रेमळ बाई, असं तिला पुढे वीस वर्षं वाटत होतं.

अशा अठरा बायका झाल्या. सिस्टर लिहीत राहिली. पोरगी शिकेल, सुधारेल. बायका धडधाकट आहेत. रिक्षावाला बाप आहे. एकोणिसावी आली ती आजी.

आजीची मान चार दिवस सकाळी उठल्यावर दुखत होती. डोळ्यांपुढे माश्या उडतात म्हणत होती. गुरुवार अजून दोन दिवसांवर होता. सिस्टरने तिला मुद्दाम पुढे घुसवलं होतं.

पट्टा. फुगा. फुस्स. “एकशेतीस-ऐंशी. आजी, अगदी मस्त आहे तुमचं!”

“बघ,” आजी सिस्टरला म्हणाली, “उगीच घाबरवतेस तू.”

पेन कागदावर टेकलेलं होतं. तेवढं लिहिलं असतं की झालं असतं.

“पुन्हा घे,” सिस्टर म्हणाली.

“अं? घेतलं ना मी.”

“पुन्हा घे. सावकाश.”

मुलीचे कान लाल झाले. “बरोबर आहे हो. मी बघितलंय.”

“नाही बघितलंस.”

हे सिस्टरने आपल्या वॉर्डाच्या आवाजात म्हटलं नव्हतं, तरी हॉलभर ऐकू गेलं. पलीकडच्या टेबलाशी उभ्या असलेल्या ट्यूटर मॅडम आल्या. त्या कडक होत्या. बनावट आकडा लिहिणारी एक मुलगी त्यांनी गेल्याच वर्षी घरी पाठवली होती. पण आपल्या मुलींवर दुसऱ्या कुणी रागावलेलं त्यांना खपत नसे.

“काय झालं?”

मुलगी रडायच्या बेतात आली होती. रांगेतून पार्लरवाली म्हणाली, “सिस्टर, जाऊ द्या ना. लेकरू आहे. तुम्हाला त्या मोठ्यांनी कागदात अडकवलं, म्हणून तुम्ही हिला अडकवणार का?”

“एक मिनिट,” ट्यूटर मॅडम म्हणाल्या. “माझी विद्यार्थिनी आकडे मनाने सांगतेय असं म्हणायचंय तुम्हाला? हा लहान आरोप नाही. तुम्हाला कसं कळलं?”

सिस्टरने आजीकडे बघितलं. आजी खुर्चीत बसून पट्टा बांधलेला हात तसाच पुढे धरून होती, कुणी काढायचं सांगितलं नाही म्हणून.

“कसं कळलं?” सिस्टर म्हणाली. “मी हेच केलंय म्हणून कळलं. असेच आकडे काढायचे असतात, मॅडम. चेहरा बघायचा आणि काढायचे. दोन वर, दोन खाली, म्हणजे खरे वाटतात. मला कुणी अडकवलं नाही गं,” हे ती पार्लरवालीला म्हणाली. “डॉक्टरांनी नाही, कुणी नाही. एक बाळंतीण होती. तिचं बीपी मी बघितलं नाही आणि लिहून ठेवलं. पुढचंसुद्धा लिहून ठेवलं. ती पाचच्या आधीच गेली. माझ्या कागदावर सव्वापाचला तिचं बीपी एकशेदहा-सत्तर आहे. माझ्याच अक्षरात. कोर्टात वकिलाने मला ते वाचायला लावलं. मोठ्याने.”

हॉलमध्ये चाळीस बायका होत्या. एरवी त्यांना गप्प करायला शिपाई बाईला काठी आपटावी लागायची.

“बाळ होतं का गं तिचं?” मागून कुणीतरी विचारलं.

“आहे. मुलगी. आता साडेतीन वर्षांची असेल.”

आजी सिस्टरकडे अशी बघत होती, जशी पेटीतल्या त्या कागदाकडे वीस वर्षं बघत आली असेल. अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत.

तेवढ्यात ती वेणीवाली मुलगी धाय मोकलून रडायला लागली. “मला ऐकूच येत नाही, मॅडम! पहिल्या दिवसापासून येत नाही. वर्गात तुम्ही सगळ्यांना एकेकदा कानाला लावायला दिलंत, आणि विचारलंत, आला आवाज? सगळ्या म्हणाल्या आला. मग मीपण म्हणाले आला. मग नंतर कसं सांगणार? चार महिने झाले. मला वाटतं माझे कानच खराब आहेत.”

सिस्टर उठली. तिने मुलीच्या गळ्यातला स्टेथोस्कोप हातात घेतला, बघितला आणि तिच्या कानात घातला, पण फिरवून. “टोकं नाकाच्या बाजूला वळलेली हवीत. तू उलटी घालतेस, मागे. मग काय भिंत ऐकू येणार? आता लाव. फुगव. आणखी. आता सोड, अगदी हळू, मुंगी चालते तशी. बोलू नका कुणी.”

मुलीचे ओले डोळे काट्यावर खिळले. मग एकदम मोठे झाले. “आला! मावशी, आला! ठक ठक येतोय!” आणि लगेच तिचा चेहरा उतरला. “पण हा तर फुगवला तिथपासूनच येतोय. एकशेनव्वदलाच. एवढ्या वर कसा?”

ट्यूटर मॅडमनी तिच्या हातातून फुगा घेतला, आणखी वर चढवला, स्वतः ऐकलं. दोनशेदहा-एकशेवीस. त्यांनी जेलर मॅडमना हाक मारली. पंधरा मिनिटांत गाडी फाटकाशी लागली. आजीला दोघींनी धरून नेलं. जाताना ती सगळ्यांकडे बघून हात हलवून गेली. दाराशीच उभ्या असलेल्या सिस्टरकडे मात्र तिने बघितलं नाही.

ट्यूटर मॅडमनी आधीची अठरा नावं पुन्हा रांगेत लावली आणि ते पान खोडून नवं घेतलं. मुलीला त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या माझ्या खोलीत ये.” वही त्यांनी दुसऱ्या मुलीकडे दिली.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाल्यावर सिस्टर तिसऱ्या खिडकीखाली सतरंजी दुमडून बसली. कुणी आलं नाही. एक जण खोकत समोरून गेली, थांबल्यासारखी झाली, आणि पाण्याच्या माठाकडे वळली. तिसऱ्या दिवशीही ती बसली. मान तिरकी करून घड्याळाकडे बघत बसली. पाचव्या दिवशी तिने सतरंजी झटकली आणि आपल्या अंथरुणाखाली सारली.

भांडण कुणी केलं नाही. पार्लरवालीचं तर तिच्यावर प्रेम होतं, आणि प्रेमामुळेच ती जास्त चिडली होती. “दीड वर्ष माझा हात हातात घेऊन बसायची,” ती इतरांना सांगायची, “मी काय काय नाही सांगितलं तिला! आणि ही?” जेलमध्ये नाव पडायला एक दिवस पुरतो. आठवड्याच्या आत तिला कुणी सिस्टर म्हणेनासं झालं. सव्वापाच म्हणायला लागल्या. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि मग कसलाही राग नसताना, सहज, “सव्वापाच, बादली दे गं इकडे.” तिने स्वतः मागून धुण्याचं काम घेतलं. तिथे पाण्याच्या आवाजात कुणाशी बोलावं लागत नाही.

आजी नवव्या दिवशी परत आली. डावा हात थोडा लुळा पडला होता. अजून एक दिवस गेला असता तर आलीच नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते तिने सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी सिस्टर तिच्या पायांशी जाऊन बसली. आजीने नाही म्हटलं नाही. सिस्टरने पाय मांडीवर घेतले.

आजी म्हणाली, “माझ्या लेकीच्या कागदावरही सगळं नीटच होतं.”

सिस्टरचे हात थांबले.

“तोही असाच लिहिला असेल का गं?”

सगळ्या तशा नसतात, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. त्या एका वाक्याने म्हाताऱ्या बाईची झोप वाचली असती, आणि कदाचित सिस्टरला तिची जागाही परत मिळाली असती. आकडा तिच्या ओठांवर तयार होता, बघितल्याशिवाय सांगायचा.

“मला माहीत नाही, आजी,” ती म्हणाली.

“तुला माहीत नाही, तर कुणाला माहीत असणार?”

आजीने सावकाश, एकेक करून, पाय आत ओढून घेतले आणि त्यांवर पांघरूण टाकलं.

त्या शनिवारी नवरा आला. त्याने मुलाच्या निकालाचं सांगितलं, पाण्याच्या टाकीचं सांगितलं. मग त्याच्याजवळचं संपलं. जाळीपलीकडून सिस्टर म्हणाली, “मी इथे सगळ्यांना सांगितलं. बघितलं नव्हतं म्हणून.” “बरं केलंस,” तो म्हणाला. वेळ संपल्याची घंटा झाली. उठताना त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण मागच्या माणसाचा नंबर आला होता.

तीन महिन्यांनी मुली पुन्हा आल्या. सिस्टर हॉलच्या मागच्या भिंतीशी, धुण्याच्या दगडावर होती. वर खिडकी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“किती वेळ लावतेस गं?” हा ट्यूटर मॅडमचा आवाज. “बाकीच्यांच्या दहा-दहा झाल्या. तुझ्या चारच?”

“होतंय, मॅडम.”

“बीपी बघतेय की ब्लाउजचं माप घेतेय?” ही पार्लरवाली. हॉल हसला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि आजी. “अगं, परत कशाला फुगवतेस? आत्ताच तर झालं.”

“मधेच कुणीतरी बोललं, आजी. मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा ऐकते.”

सिस्टरने नळ बंद केला. हातातली चादर घासायची ती थांबली. आत कुणी काही बोलत नव्हतं. हवा सुटत होती, अगदी हळू, आणि ती संपायला फार वेळ लागला.

“एकशेसाठ-शंभर. जास्त आहे, आजी. गोळी रोज घेता ना?”

“एक दिवसाआड. संपली म्हणजे?”

“रोज घ्यायची. मी लिहून देते आणि मॅडमना सांगते. संपणार नाही.”

दुपार कलली तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या मुली आवरून गाडीपाशी जाऊन बसल्या होत्या. आत एकच टेबल चालू होतं. “रांगेबाहेर कुणी राहिलंय का?” त्या वेणीवाल्या मुलीने विचारलं. काही क्षण कुजबुज झाली. मग खिडकीत पार्लरवालीचं तोंड आलं.

“ए सव्वापाच! चल, नंबर लाव.”

“आले,” सिस्टर म्हणाली. तिने ओले हात कपड्यांना पुसले, बाही कोपरापर्यंत वर केली आणि आत जाऊन रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे अजून तिघी होत्या.